विश्लेषण : ॲपमध्ये दिसणारे क्रिप्टो खरोखर आपले असते का?

१८ जुलै २०२४, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशीचा गुरुवार. ‘वझीरएक्स’ या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजच्या ग्राहकांनी मोबाइलवर ॲप उघडले, तेव्हा त्यांची नाणी जागच्या जागी दिसत होती. बिटकॉइन इतके, इथर इतके, त्यांची रुपयांतली किंमत इतकी. फक्त ती बाहेर काढता येत नव्हती. एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलर, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीला गेली होती आणि कंपनीने पैसे काढण्याची सोय थांबवली होती. क्रिप्टो पुन्हा काढता येण्यासाठी ग्राहकांना पंधरा महिने थांबावे लागले.

त्या काळात अनेकांना पहिल्यांदाच एक प्रश्न पडला, जो खरे तर पहिली खरेदी करण्यापूर्वी पडायला हवा होता. स्क्रीनवर जो आकडा दिसतो, त्याचा मालक नेमका कोण? क्रिप्टो म्हणजे कूटचलन घ्यावे की घेऊ नये, हा वेगळा विषय. पण ज्याने पाचशे रुपयांचे का होईना घेतले आहे किंवा घ्यायचे मनात आणले आहे, त्याला मालकीचा हा हिशेब समजून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही.

नाणी असतात तरी कुठे?

बिटकॉइन फोनमध्ये नसतो, ॲपमध्ये नसतो आणि वॉलेट म्हणजे पाकीट असे नाव असले तरी वॉलेटमध्येही नसतो. असते ती केवळ नोंद. ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनचा पहिला ब्लॉक तयार झाला. तेव्हापासूनच्या प्रत्येक व्यवहाराची नोंद जगभरातील हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली आहे. या सामायिक खातेवहीला ब्लॉकचेन म्हणतात.

सातबाऱ्याचे उदाहरण घेतले तर हे लवकर समजते. जमीन शिवारात असते आणि तिची नोंद तलाठ्याच्या दप्तरात. क्रिप्टोमध्ये शिवारच नाही, सातबारा हेच सर्वस्व. दुसरा फरक त्याहून मोठा आहे. या दप्तराला तलाठी नाही, तहसीलदार नाही आणि नोंद चुकली तर अपील करायला प्रांतही नाही. फेरफार होतो तो फक्त योग्य डिजिटल सहीने. सही जुळली की हजारो संगणक नोंद बदलतात. सही करणारा खरा मालक होता की चोर, हे ते विचारत नाहीत. नोंदीवर नाव नसतेच, अक्षरे आणि आकड्यांचा एक लांबलचक पत्ता असतो.

जाता जाता एक गैरसमज. बिटकॉइन घ्यायचा तर अख्खाच घ्यावा लागतो, असे अजूनही अनेकांना वाटते. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात. एका भागाला सातोशी म्हणतात आणि बहुतेक ॲपवर किरकोळ रकमेतही खरेदी होते. त्यामुळेच तर विद्यार्थी, नोकरीला नुकते लागलेले तरुण यात सहज शिरतात.

ही सही कशाने होते?

सही होते ती ‘प्रायव्हेट की’ने, म्हणजे गुप्त किल्लीने. ही किल्ली म्हणजे प्रत्यक्षात एक अवाढव्य संख्या असते, तब्बल ७८ अंकांपर्यंत जाणारी. या संख्येवरून सार्वजनिक पत्ता काढता येतो, पण पत्त्यावरून किल्ली शोधता येत नाही. पत्ता यूपीआय आयडीसारखा कोणालाही द्यावा. किल्ली कोणालाही देऊ नये.

७८ अंक कोणी पाठ करणार नाही, म्हणून २०१३ पासून एक सोपी पद्धत पुढे आली. ठरलेल्या २,०४८ इंग्रजी शब्दांच्या यादीतून वॉलेट १२ किंवा २४ शब्द निवडून देते. त्यांना ‘सीड फ्रेज’ म्हणतात. या शब्दांवरून, त्याच क्रमाने, सर्व किल्ल्या पुन्हा तयार करता येतात. फोन हरवला, पाण्यात पडला, तरी नव्या फोनवर हे शब्द भरले की नाणी पुन्हा हाताशी येतात. अर्थात हे शब्द दुसऱ्या कोणी भरले, तर ती त्याच्या हाताशी जातात. बारा शब्दांच्या शक्य त्या जुळण्या ३४ या संख्येपुढे ३७ शून्ये दिल्यावर होतील इतक्या आहेत. तेव्हा अंदाजाने कोणी ओळखेल, ही भीती बाळगण्याचे कारण नाही. शब्द फुटतात ते माणसाच्या हातून.

ही यादी जपानी, कोरियन, फ्रेंच, अगदी चेक भाषेतही आहे, पण एकाही भारतीय भाषेत नाही. त्यामुळे आपल्याकडे शब्द इंग्रजीतच उतरवून घ्यावे लागतात. येथे एक बारीकसा धोका आहे. घाईत उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले, तर पाच वर्षांनी स्पेलिंगचा घोळ होऊ शकतो. शब्द सुट्या, स्पष्ट इंग्रजी अक्षरांत, अनुक्रमांकासह कागदावर लिहावेत. यादीतील कोणत्याही दोन शब्दांची पहिली चार अक्षरे सारखी नसतात, त्यामुळे त्यापुढचे अक्षर पुसट झाले तरी शब्द ओळखता येतो.

स्क्रीनशॉट मात्र काढू नये. फोटो गॅलरीतून आपोआप क्लाउडवर जातो, हे एक कारण. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने ‘स्पार्ककॅट’ नावाचा व्हायरस उघडकीस आणला. गुगल आणि ॲपल या दोन्हींच्या अधिकृत ॲप स्टोअरमधील काही ॲपमध्ये तो दडलेला होता आणि फोनच्या गॅलरीतील चित्रांमधील मजकूर वाचून त्यातून सीड फ्रेज शोधत होता. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवून ठेवलेले शब्दही याच वर्गात मोडतात.

किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती नाणी. हे महाराष्ट्राने एका विचित्र प्रकरणात पाहिले आहे. ‘गेनबिटकॉइन’ ही दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवणारी योजना होती. तिच्या गुन्ह्यात पुणे पोलिसांनी आरोपींची वॉलेट तपासण्यासाठी दोन सायबर तज्ज्ञांची मदत घेतली. तपासातील काही नाणी या तज्ज्ञांनीच परस्पर वळवल्याचा आरोप पुढे झाला आणि मार्च २०२२ मध्ये दोघांना अटक झाली. जप्तीच्या सोन्याला पोलीस ठाण्यात सील लावता येते. किल्ली एकदा नजरेखालून गेली की तिला सील कसले लावणार?

एक्स्चेंजवर ठेवले तर मालक कोण?

बँकेशी आपला संबंध दोन प्रकारचा असतो. मुदत ठेव ठेवली की पैसे बँकेचे होतात आणि बँक आपले देणे लागते. बँक बुडाली तर पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. लॉकरमध्ये दागिने ठेवले तर ते आपलेच राहतात, बँक फक्त जागा देते. एक्स्चेंजवरचे क्रिप्टो यांपैकी कशासारखे?

नवख्या ग्राहकाला ते लॉकरसारखे वाटते. प्रत्यक्षात सर्व ग्राहकांची नाणी साधारणपणे एक्स्चेंजच्या मोजक्या मोठ्या वॉलेटमध्ये एकत्र असतात आणि त्यांच्या किल्ल्या कंपनीकडे किंवा तिने नेमलेल्या सांभाळ संस्थेकडे असतात. आपल्याला दिसतो तो कंपनीच्या स्वतःच्या संगणकातील हिशेब. एकाच एक्स्चेंजवरील दोन ग्राहकांनी एकमेकांत खरेदी-विक्री केली, तर ब्लॉकचेनवर त्याची नोंदही होत नाही. कंपनीच्या वहीत एकाचे खाते कमी आणि दुसऱ्याचे जास्त होते, एवढेच. ज्या हजारो संगणकांच्या साक्षीचे एवढे कौतुक होते, त्यांना या ग्राहकाचे अस्तित्वच ठाऊक नसते. विमा तर नाहीच.

वझीरएक्सच्या ज्या वॉलेटमधून चोरी झाली, त्याला एक नव्हे तर सहा किल्ल्या होत्या. पाच कंपनीकडे आणि एक लिमिनल या सांभाळ संस्थेकडे. व्यवहारासाठी कंपनीच्या तीन आणि लिमिनलची एक अशा सह्या लागत. कागदावर ही रचना भक्कमच होती. पण सही करणाऱ्यांना स्क्रीनवर एक व्यवहार दिसत होता आणि सही दुसऱ्यावरच होत होती. शिरकाव कोणाच्या यंत्रणेत झाला, यावरून दोन्ही कंपन्यांनी एकमेकांकडे बोट दाखवले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनात उत्तर कोरियाशी संबंधित हॅकरना जबाबदार धरले. सहापैकी एकही किल्ली ग्राहकांकडे नव्हती. त्यांच्या हाती राहिले ते मत देणे. कंपनीची मूळ संस्था सिंगापूरची असल्याने तोडग्याची योजना तिथल्या उच्च न्यायालयात गेली, ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली आणि त्याच महिन्यात एक्स्चेंज पुन्हा सुरू झाले. ग्राहकांना काही हिस्सा परत मिळाला, उरलेल्यापोटी ‘रिकव्हरी टोकन’ देण्याचे ठरले.

याच प्रकरणातून मालकीविषयीचा एक महत्त्वाचा निकाल आला. चेन्नईतील एका गुंतवणूकदार महिलेकडे एक्सआरपी या चलनाची सुमारे साडेतीन हजार नाणी होती. चोरी झाली ती इथर आणि त्याच नेटवर्कवरील टोकनांची. माझी नाणी चोरीला गेलीच नाहीत, तर तोटा मी का वाटून घ्यायचा, असा तिचा सरळ सवाल होता. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एन. आनंद वेंकटेश यांनी २५ ऑक्टोबर २०२५ रोजी तिला अंतरिम संरक्षण दिले. क्रिप्टो हे चलन नसले तरी ती मालमत्ता आहे, तिचा ताबा आणि उपभोग घेता येतो, ती विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी सांभाळता येते, असे न्यायालयाने म्हटले. भारतातील ग्राहकासाठी हा मोठा आधार आहे. पण हा आधार मिळाला तो न्यायालयाची पायरी चढल्यावर, आणि तोही अंतरिम.

जुलै २०२५ मध्ये ‘कॉइनडीसीएक्स’ या दुसऱ्या भारतीय एक्स्चेंजमधून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलरची चोरी झाली. तेथे फटका बसला तो कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाच्या खात्याला. ग्राहकांची नाणी वेगळी असल्याचे सांगून कंपनीने तोटा स्वतःच्या राखीव निधीतून भरला. एकाच देशातील दोन एक्स्चेंज, एका वर्षाच्या अंतराने झालेल्या दोन चोऱ्या आणि ग्राहकांवरचे परिणाम मात्र पूर्ण वेगळे. तोटा कोणाच्या माथी येईल, हे ‘आय ॲग्री’ दाबून आपण ज्या अटी न वाचता मान्य करतो, त्यांत बऱ्याच अंशी ठरलेले असते. ग्राहकांची नाणी वेगळी ठेवली जातात का, ती कर्जाऊ दिली जातात का, नुकसान सर्वांत वाटले जाईल का, या तीन गोष्टी तरी त्यात शोधाव्यात. आणि आधी एक साधी तपासणी करावी : या ॲपवरून नाणी स्वतःच्या वॉलेटमध्ये पाठवता येतात का? काही ॲपवर ही सोय नसते. तेथे ग्राहकाकडे असतो तो भावातील चढ-उताराचा हिस्सा. नाणे त्याच्या हाती कधी येतच नाही.

मग स्वतःच सांभाळावे का?

‘किल्ली नाही तर नाणी नाहीत’ ही क्रिप्टोप्रेमींची आवडती घोषणा आहे. ती खरी आहे, पण अर्धीच. जो माणूस दरवर्षी ईमेलचा पासवर्ड विसरतो, त्याच्यासाठी स्वतःची किल्ली ही एक्स्चेंजपेक्षा अधिक धोकादायक ठरू शकते. वेल्समधील न्यूपोर्ट शहरातील एका संगणक अभियंत्याची हार्ड डिस्क २०१३ मध्ये चुकून कचऱ्यात गेली. तिच्यात सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली होती. कचरा डेपो उकरण्याची परवानगी मिळावी म्हणून तो वर्षानुवर्षे भांडला. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. ती नाणी ब्लॉकचेनवर आजही सर्वांना दिसतात.

स्वतःच्या वॉलेटचे दोन प्रकार आहेत. फोनवरचे ॲप म्हणजे ‘हॉट वॉलेट’. ते सोयीचे असते, पण सतत इंटरनेटला जोडलेले. पेन ड्राइव्हच्या आकाराचे ‘हार्डवेअर वॉलेट’ किल्ली आतच ठेवते आणि सहीसुद्धा आतच करते. हे यंत्र कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून, कोरेच घ्यावे. खोक्यात सीड फ्रेज आधीच छापून आली असेल, तर ती फसवणूकच समजावी, कारण खरे यंत्र शब्द आपल्यासमोर तयार करते. मोठी रक्कम हलवण्यापूर्वी एक रंगीत तालीमही करावी : थोडी नाणी पाठवायची, वॉलेट पुसून टाकायचे आणि कागदावरच्या शब्दांवरून पुन्हा उभे करायचे. शब्द लिहिताना चूक झाली असेल तर ती शंभर रुपयांत कळते.

थोड्या रकमेची शिकाऊ खरेदी असेल, तर ती नोंदणीकृत एक्स्चेंजवर राहू देण्यात वावगे काही नाही. गमावली तर झोप उडेल एवढी रक्कम झाली, की या तालमीला लागावे.

पाठवताना चूक झाली तर?

यूपीआयवर पैसे पाठवण्यापूर्वी समोरच्याचे नाव दिसते. येथे दिसत नाही. चुकीच्या पत्त्यावर गेलेली नाणी परत आणणारे हेल्पलाइन नसते. शिवाय एकच नाणे अनेक नेटवर्कवर धावते. डॉलरशी बांधलेले यूएसडीटी हे इथेरियमवरही आहे आणि ट्रॉनवरही. रेल्वेचे तिकीट घेऊन एसटीत बसल्यासारखे येथे होऊ शकते. घेणाऱ्याने सांगितलेले नेटवर्क आणि आपण निवडलेले नेटवर्क एकच आहे, याची खात्री करूनच पुढे जावे.

जुन्या व्यवहारातून पत्ता कॉपी करण्याची सवयही महागात पडते. भामटे सुरुवातीची आणि शेवटची अक्षरे जुळणारा पत्ता बनवून त्यावरून किरकोळ नाणी पाठवतात, म्हणजे तो आपल्या यादीत येऊन बसतो. म्हणून पत्ता मधल्या अक्षरांसह तपासावा, आधी छोटी रक्कम पाठवावी, ती पोहोचल्यावर उरलेली. अडचण आली म्हणून टेलिग्रामवर मदत मागितली, की ‘सपोर्ट टीम’ हजर होतेच. सीड फ्रेज मागणारा प्रत्येक जण चोर असतो. याला अपवाद नाही.

सरकारच्या लेखी हे काय आहे?

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केले. आज क्रिप्टो बाळगणे गुन्हा नाही, पण ते कायदेशीर चलनही नाही. मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि त्यांना केंद्राच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदणी करावी लागते. ही नोंदणी ग्राहकाच्या पैशाची हमी नव्हे.

कर मात्र चोख आहे. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर, उत्पन्नाचा टप्पा कोणताही असो. समजा, एका नाण्यात एक लाख घालून ते एक लाख चाळीस हजारांना विकले. नफा ४० हजार, कर १२,४८० रुपये. त्याच वर्षी दुसऱ्या नाण्यात ४० हजारांचा तोटा झाला. हातात काहीच उरले नाही, तरी १२,४८० रुपये भरावेच लागतात, कारण एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. विक्रीच्या रकमेवर एक टक्का टीडीएस कापला जातो, तो विवरणपत्र भरताना जमा धरला जातो. एक नाणे देऊन दुसरे घेतले तरी ती विक्रीच. एक्स्चेंजवरून स्वतःच्याच वॉलेटमध्ये हलवल्यास मालक बदलत नाही, त्यामुळे ती सर्वसाधारणपणे विक्री ठरत नाही. पण खरेदीच्या पावत्या जपाव्यात. पुढे ते नाणे विकताना मूळ किंमत दाखवण्याची जबाबदारी आपलीच असते.

मालकच गेला तर?

डिसेंबर २०१८ मध्ये ‘क्वाड्रिगासीएक्स’ या कॅनडातील मोठ्या एक्स्चेंजच्या संस्थापकाचा भारतात, जयपूरमध्ये मृत्यू झाला. वय अवघे तीस. कोल्ड वॉलेटच्या किल्ल्या फक्त त्यालाच ठाऊक होत्या, असे कंपनीने जाहीर केले आणि हजारो ग्राहकांचे पैसे अडकले. पुढे नेमलेल्या हिशेब तपासनीसांना त्यांनी ओळखलेल्या कोल्ड वॉलेटपैकी पाच एप्रिल २०१८ पासूनच रिकामी आढळली. ग्राहकांचा पैसा संस्थापकानेच व्यवहारांत उडवला होता, असा निष्कर्ष ओंटारिओच्या रोखे नियामकाने २०२० मध्ये काढला.

तो घोटाळा होता. पण घरातल्या कमावत्या माणसाकडे किल्ली आणि इतर कोणाला तिचा पत्ता नाही, ही स्थिती कोणताही घोटाळा नसताना असू शकते. बँकेच्या खात्याला नॉमिनी असतो, वारसा प्रमाणपत्र दाखवता येते. एक्स्चेंजवरील खात्यासाठीही वारसांना कागदपत्रे घेऊन कंपनीकडे जाता येते. स्वतःच्या वॉलेटसाठी जावे तरी कोणाकडे? ब्लॉकचेन मृत्यूचा दाखला वाचत नाही.

मृत्युपत्रात नाणी असल्याचा उल्लेख जरूर करावा. शब्द मात्र त्यात लिहू नयेत, कारण ते कागद वकील, साक्षीदार, न्यायालय अशा अनेक हातांतून फिरतात. शब्दांचा कागद बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये आणि यंत्र घरी, अशी विभागणी अनेक जण करतात. त्याखेरीज घरातल्या एका तरी माणसाला हे शब्द काय आहेत आणि ते कशात भरायचे असतात, हे आधी बसवून समजावून द्यावे लागते. नाही तर दिवस-कार्य आटोपल्यावर कपाट आवरताना बारा इंग्रजी शब्दांचा एक कागद सापडतो, कुणाच्या तरी शाळेतला शब्दार्थांचा अभ्यास असेल असे वाटते आणि तो रद्दीत जातो.